हाली नोटेचे राज्य आणि निष्कांचन संन्यासी
(स्वामी रामानंद तीर्थ यांचे पुण्यस्मरण)

आमच्या हिंगोली परिसरातील ज्ञातिबांधवांच्या घरी जुन्या वह्या असतील, तर त्या चाळणाऱ्यास दोन शब्द वारंवार भेटतील : हाली आणि कळदार. निजामाचा रुपया तो हाली, इंग्रज सरकारचा तो कळदार. सात हाली दिल्यावर सहा कळदार हाती येत. पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात पाऊल टाकले की चलन बदले, आणि अदलाबदलीचा बट्टा व्यापाऱ्याच्या माथी बसे. तरुण पिढीला या गोष्टीचे नवल वाटेल. परंतु ज्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत, त्याच्या लढ्याचे मर्म या दोन रुपयांच्या गोष्टीतच सामावलेले आहे.

हैदराबाद संस्थानाने १९१८ साली कागदी चलनाचा कायदा करून स्वतःच्या नोटा काढल्या. त्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कानडी लिपींतही रकमेचा आकडा असे. राज्यकारभार व उच्च शिक्षण उर्दूत चालविणाऱ्या दरबारास नोटेवर मात्र प्रजेच्या भाषा घालाव्या लागल्या, कारण विश्वास नसेल तर नोट हा नुसता कागद होय. १९४१ च्या कायद्यान्वये हैदराबाद स्टेट बँक स्थापन होऊन या चलनाची व्यवस्था तिच्याकडे आली.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. असहकाराच्या काळात त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याकडे त्यांनी काही काळ काम केले. त्यानंतर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले, आणि १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. पण हा संन्यास गुहेत बसण्याचा नव्हता. अंबाजोगाईस त्यांनी विद्यादानाचे कार्य केले. १९३७ च्या परतूर येथील महाराष्ट्र परिषदेपासून ते सार्वजनिक कार्यात उतरले. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हा सत्याग्रह करून त्यांनी कारावास पत्करला. जून १९४७ मध्ये मुशिराबादच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि १५ ऑगस्टला, देश स्वतंत्र झाला त्या दिवशी, ते पुन्हा बंदिवान झाले.

त्यानंतरचे वर्ष आमच्या भागाने कधी विसरू नये. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी जैसे थे करार झाला. पण अल्पावधीतच निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरविले. त्याच सुमारास भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने वीस कोटी रुपये पाकिस्तानास कर्जाऊ दिल्याचे उघडकीस आले. गावोगाव रझाकारांचा उच्छाद चालू होता. ज्या दरबाराच्या भरवशावर नोट चालत होती, तो दरबार प्रजेच्या जीवितवित्ताचे रक्षण करीनासा झाला होता.

अशा वेळी ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी या लहानशा गावच्या बँकेवर सरहद्दीवरील छावण्यांतील स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला, आणि तिजोरीतील फार मोठी रोकड मुक्तिलढ्याच्या कार्यासाठी नेली. त्याच सायंकाळी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली. स्वामीजी तर या वेळी पुन्हा कारागृहात होते.

आम्ही देवघेव करणारी माणसे. दुसऱ्याची ठेव जपणे हीच आमची अब्रू. म्हणून बँकेची तिजोरी फोडण्याचे कौतुक आमच्या लेखणीस सहज साधत नाही, आणि ही अडचण आम्ही वाचकांपासून लपवीत नाही. परंतु नोटेवरचे वचन हे राजाने प्रजेस दिलेले असते. ते वचन राजानेच आधी मोडले असता दोष केवळ तिजोरी उघडणाऱ्याच्या नावे मांडणे न्यायाचे ठरत नाही. तथापि एक पथ्य उरतेच : लोककार्यासाठी आलेल्या पैशातील पैही स्वतःच्या पदरी पडता कामा नये. म्हणून अशा चळवळीच्या अग्रस्थानी ज्याला घर नाही, संसार नाही, वारस नाही, असा पुरुष असावा, हे आमच्या भागाचे भाग्यच म्हटले पाहिजे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या व १७ रोजी निजाम शरण आला. स्वामीजींची मुक्तता झाली. पुढे १९५२ व १९५७ साली ते लोकसभेवर निवडून गेले, पण मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत, आणि कालांतराने राजकारणातूनही निवृत्त झाले. हाली चलनाची कायदेशीर मान्यता १९५९ साली संपली. स्वामीजींनी २२ जानेवारी १९७२ रोजी देह ठेवला. हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, आणि तीही २०१७ साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

आज हाली नोट मिळते ती संग्राहकाच्या पेटीत. स्वामीजींचे नाव मात्र आमच्या घराघरांत कागदावरच आहे. १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव दिले गेले, आणि आपला हिंगोली जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. आपल्या मुलामुलींच्या पदवीपत्रावर हे नाव छापलेले असते. नोट असो वा पदवीपत्र, कागदास मोल येते ते त्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या सचोटीने. यंदा ज्ञातीतील ज्या मुलामुलींच्या हाती हे पदवीपत्र पडेल, त्यांना त्यावरील नावाची ही कहाणी घरच्या वडीलधाऱ्यांनी अवश्य सांगावी, एवढीच आमची विनंती आहे.