रंगांनी दगा दिला, यंत्राने साथ दिली

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८८५ साली एक सोळा वर्षांचा मुलगा चित्रकला शिकायला आला. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे त्याचे जन्मगाव. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नव्हते. चित्रे काढणे आणि वस्तू उघडून त्यांच्या आत काय आहे ते पाहणे, हे त्याचे दोन छंद. दोन वर्षे तो कलाशाळेत शिकला. त्यानंतर लक्षात आले, की काही रंगांतील फरक त्याच्या डोळ्यांना कळतच नाही. त्याला अंशतः रंगांधत्व होते. रंगचित्रकाराचे स्वप्न तिथेच संपले. या मुलाचे नाव लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९.

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांपैकी एक प्रकार नसला किंवा नीट काम करत नसला, तर लाल, हिरवा, तपकिरी अशा रंगांची गल्लत होते. लाल-हिरव्या रंगांधत्वाची जनुके ‘एक्स’ गुणसूत्रावर असतात. पुरुषात हे गुणसूत्र एकच असल्याने दोष लगेच प्रकट होतो. स्त्रीमध्ये दोन असल्याने दुसरे बहुधा सांभाळून घेते. म्हणून हा दोष मुलांत जास्त दिसतो आणि तो त्यांच्याकडे आईकडून येतो. आईला स्वतःला सर्व रंग नीट दिसत असतात. नजर कमजोर नसते, बारीक अक्षरे वाचता येतात. त्यामुळे घरात वर्षानुवर्षे कुणाला पत्ताही लागत नाही. आज ठिपक्यांच्या चित्रांत लपलेले आकडे वाचायला देऊन काही मिनिटांत ही तपासणी होते. ती इशिहारा चित्रे १९१७ सालची. लक्ष्मणरावांच्या विद्यार्थिदशेत ती नव्हतीच.

लक्ष्मणराव गावी परतले नाहीत. रंग ओळखता येत नव्हते, पण रेषा तर येत होती. यंत्रांचे आराखडे काढायला रंग लागत नाहीत. माप, कोन आणि हाताची स्थिरता पुरते. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तास संपला की ते संस्थेच्या कार्यशाळेत जात, यंत्रे सोडवून पाहत, पुन्हा जोडत.

त्याच काळात सायकल हे नवे वाहन आले होते. १८८८ साली बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि सायकलीचे हादरे कमी झाले. कोंडलेली हवा दाबली की आकसते आणि दाब काढला की पूर्ववत होते. म्हणजे ती स्प्रिंगचेच काम करते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली बेळगावला पाठवत, तिथे थोरले बंधू रामुअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात या १८८८ च्या सायकल दुकानापासूनच मानली जाते.

पुढे नोकरीत बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून दुसऱ्याला पद मिळाले. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. तिथे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागला. नांगर चांगला होता, पण गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. काळ्या जमिनीत हराळी आणि कुंदा खोलवर मुळे धरतात. ती उपटायला लाकडी नांगर पुरत नाही, हे शेतकऱ्यांनी स्वतः पाहिले तेव्हा समज गळून पडला.

मग आणखी एक संकट आले. बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ओसाड जमीन दिली, शिवाय दहा हजार रुपयांचे कर्जही. १९१० साली तिथे मुक्काम पडला. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबर कामगारांची घरे आणि शाळाही आली. पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसे ठेवली. माणसावर एक शिक्का बसला की तो कायमचा, असे ते मानत नव्हते.

नांगरानंतर भुईमूग फोडण्याची यंत्रे आली, मग पंप आले. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यांत्रिक अभियांत्रिकी शिकून आले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. वीज न पोहोचलेल्या गावांत विहिरीचे पाणी आता मोटेऐवजी डिझेल इंजिन उपसू लागले. नांदेड-लातूरच्या जुन्या शेतकऱ्यांच्या कानात इंजिनाचा तो ठोका आजही असेल.

त्या ठोक्यामागे व्हॉल्व्हचे काम असते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये एक व्हॉल्व्ह हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. फिरणारा कॅम व्हॉल्व्ह ढकलून उघडतो आणि पोलादी स्प्रिंग तो मिटवते. आपल्या हृदयाच्या झडपांना मात्र स्प्रिंग नसते. रक्ताच्या दाबातील फरकानेच त्या उघडतात आणि मिटतात, मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा. १,५०० फेऱ्यांच्या डिझेल इंजिनाचा प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो. एवढ्या गतीला स्प्रिंग आरामात पुरते.

शर्यतीच्या मोटारीचे इंजिन मिनिटाला १८,००० फेऱ्या घेऊ लागले, की प्रत्येक व्हॉल्व्हला सेकंदाला १५० वेळा उघडून मिटावे लागते. तिथे पोलादी स्प्रिंग मागे पडते. तिला स्वतःचे वजन असते. ती स्वतःच थरथरू लागते आणि व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. वर आलेला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळला तर इंजिन क्षणात निकामी होते. यावर रेनॉ कंपनीने १९८६ साली फॉर्म्युला वन शर्यतीत उपाय आणला. स्प्रिंग काढून टाकली आणि व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती छोटी हवाबंद कुपी बसवून तिच्यात दाबाखालचा नायट्रोजन भरला. व्हॉल्व्ह उघडताना वायू दाबला जातो आणि तोच व्हॉल्व्हला परत जागेवर ढकलतो. वायूचे वजन नगण्य, त्यामुळे तो थरथरत नाही, तुटत नाही, आणि जितका दाबावा तितका जास्त जोर लावतो. थोडा वायू झिरपतोच. तो भरून काढायला लहानशी बाटली सोबत असते. बाटली रिकामी झाली तर व्हॉल्व्ह मिटत नाहीत आणि शर्यत संपते. बेळगावात सायकलच्या टायरमध्ये भरलेली हवा आणि हा नायट्रोजन, दोघांचा गुण एकच.

लक्ष्मणरावांना हे पाहायला मिळाले नाही. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांचे रंगांधत्व शेवटपर्यंत तसेच राहिले, कारण जन्मजात रंगांधत्वावर आजही रूढ उपचार नाही. नांदेड हे रेल्वेच्या विभागाचे ठिकाण. इथल्या कित्येक मुलांच्या मनात गाडी चालवण्याचे स्वप्न असते. लातूरला तर स्पर्धा परीक्षांसाठी दूरदूरची मुले येतात. रेल्वे चालक किंवा वैमानिक होण्यासाठी रंगदृष्टी निर्दोष लागते, आणि अनेकांना आपला दोष वैद्यकीय तपासणीच्या दिवशीच समजतो. तोवर अभ्यासाची वर्षे आणि आईवडिलांचे पैसे खर्च झालेले असतात. म्हणून दहावीच्या आधीच नेत्रविभागात रंगदृष्टीची तपासणी करून घ्यावी. तिला काही मिनिटेच लागतात. दोष निघाला तर मुलाला बोल लावू नये, आईलाही लावू नये. काही वाटा बंद असतात, त्या लवकर कळाव्यात, इतकेच. लक्ष्मणरावांना ते अठराव्या वर्षी कळले आणि हाताशी उरलेल्या रेषेवर त्यांनी पुढचे सारे उभे केले.