ॲलर्जी हा शब्द देणारा डॉक्टर: क्लेमेन्स फॉन पिर्के

धुळीची ॲलर्जी, शेंगदाण्याची ॲलर्जी, अगदी सोमवारचीसुद्धा ॲलर्जी! हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो कुणीतरी ठरवून बनवलाय हे लक्षातच येत नाही. तो बनवला १९०६ साली, व्हिएन्नातल्या एका ३२ वर्षांच्या बालरोगतज्ज्ञानं. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्डचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये काम करतो. 'ॲलर्जी' नावाचा रकाना रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून या माणसाची गोष्ट मला सांगावीशी वाटते.

क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा जन्म १८७४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या एका उमराव घराण्यात झाला. आधी धर्मशास्त्र, मग तत्त्वज्ञान शिकून झाल्यावर ते वैद्यकाकडे वळले आणि १९०० मध्ये ग्राझ विद्यापीठातून डॉक्टर झाले. त्यानंतर व्हिएन्नातल्या मुलांच्या हॉस्पिटलात कामाला लागले.

तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. घटसर्प किंवा स्कार्लेट फिव्हर झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तातून काढलेलं सीरम टोचायचे. त्यानं जीव वाचायचे, पण काही मुलांना नंतर ताप यायचा, सांधे दुखायचे आणि अंगभर पित्ताच्या गांध्या उठायच्या. अनेकांना वाटायचं की सीरममध्येच काहीतरी विषारी असणार.

पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी तारखा बघितल्या. पहिल्यांदा सीरम घेतलेल्या मुलाला पुरळ साधारण ८ ते १२ दिवसांनी उठायचं. त्याच मुलाला काही आठवड्यांनी पुन्हा सीरम दिलं, तर ते कधी काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत यायचं. आता विचार करा. इनपुट तेच, आउटपुट तेच, फक्त मधला वेळ बदलला. मग बदल कुठे झाला? सीरममध्ये नाही, मुलाच्या शरीरात!

याच्या पुढची पायरी जास्त महत्त्वाची आहे. रोग अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जे दिवस जातात, ते जंतूंची संख्या वाढायला लागतात अशी तेव्हाची समजूत होती. पण सीरममध्ये वाढणारे जंतू नव्हतेच, तरी दिवस लागत होते. म्हणजे हा वेळ शरीर उत्तर तयार करायला घेत होतं. एकदा ओळख पटली की पुढचं उत्तर लवकर येतं. पुरळ हा त्या उत्तराचाच भाग. १९०३ मध्ये पिर्के यांनी हा विचार लिहून बंद पाकिटात व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवला. १९०५ मध्ये शिक यांच्यासोबत त्यावर पुस्तक काढलं.

देवीच्या लसीतही त्यांना तेच दिसलं. पहिल्यांदा लस टोचली की फोडाभोवतीची लाली पूर्ण भरायला आठवडाभराहून जास्त वेळ लागायचा. आधी लस घेतलेल्याला मात्र एका दिवसातच लाली यायची. शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादाला नाव हवं होतं, म्हणून त्यांनी ग्रीक शब्दांतून 'ॲलर्जी' जुळवला. त्यांच्या लेखी त्यात संरक्षण आणि त्रास दोन्ही आले. आज आपण फक्त त्रास धरतो.

१९०७ मध्ये त्यांनी हीच कल्पना टीबी शोधायला वापरली. त्वचेवर छोटा ओरखडा, त्यावर ट्युबरक्युलिनचा थेंब. टीबीचा जंतू आधी भेटला असेल तर तिथे लाल गाठ येते. आपल्याकडे हातावर पेनानं गोल करून जी मांटू टेस्ट करतात, ती याच चाचणीची सुधारलेली आवृत्ती.

पुढे ते बाल्टिमोरला प्राध्यापक झाले, ब्रेस्लाऊला गेले आणि १९११ मध्ये व्हिएन्नाला परतले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलांना अमेरिकन मदतीतून जेवण देण्याचं मोठं काम त्यांनी उभं केलं. शेवट मात्र दुःखद झाला. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी पत्नीसह आयुष्य संपवलं.

आता आपल्या कामाचं. गोवराचं पुरळ लागण झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी दिसतं आणि तेही मुख्यतः शरीराच्या प्रतिकाराचंच चिन्ह असतं. गोवराच्या लसीनंतर काही बाळांना ७ ते १२ दिवसांनी फिकट पुरळ येतं आणि आपोआप जातं. एखादं अँटिबायोटिक पहिल्यांदा घेतल्यावर पुरळ बऱ्याचदा आठवडाभरानं येतं, पुढच्या वेळी लवकर. सगळीच पुरळं अशी नसतात. कांजिण्यांच्या फोडांत तर विषाणू स्वतःच असतो.

पण होतं काय? व्हायरल तापात मुलाला पेनिसिलिन गटातलं औषध देतात, तापाचंच पुरळ येतं आणि फाइलवर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का जन्मभरासाठी बसतो. असा शिक्का असलेल्यांची नीट तपासणी केली तर बहुतेकांना ते औषध चालतं, असं दिसलंय. तोवर मात्र त्यांना महागडी आणि जास्त जंतूंवर मारा करणारी औषधं मिळत राहतात. मी पाहिलेल्या फॉर्ममध्ये ॲलर्जीपुढे फक्त 'हो' किंवा 'नाही' असतं. पिर्के यांना जे सापडलं ते तारखांमुळे, आणि तारखेचा रकानाच तिथे नसतो!

म्हणून पुरळ आलं की चार गोष्टी लिहून ठेवा: औषध किंवा लस कोणती, कधी घेतली, पुरळ कधी आलं, सोबत ताप होता का. मोबाइलवर फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. शिक्का चुकीचा वाटला तरी ते औषध स्वतःहून पुन्हा घेऊन बघू नका. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तोंडात-डोळ्यांत फोड आले किंवा कातडी सुटायला लागली, तर लिहीत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.