फादर स्टीफन्स : सुवार्तेसाठी धरलेली ओवीची वाट

सुवार्ता सांगायला निघालेल्या धर्मगुरूची तयारी कशावरून जोखावी? श्रद्धा आणि धर्मशास्त्राचे अध्ययन गृहीत धरले, तरी ऐकणाऱ्याच्या भाषेचा प्रश्न उरतोच. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने आपले जवळजवळ सगळे आयुष्य याच प्रश्नाला वाहिले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'ख्रिस्तपुराण'कार म्हणून ते परिचित आहेत. परंतु त्यांच्या चर्चने या तयारीचे पुढे काय केले, ही कथा तितकीशी परिचित नाही.

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत कॅथलिक असणे धोक्याचे होते. थॉमस पाउंड या स्नेह्यासह रोमला जाण्याचा त्यांचा बेत होता. पण पाउंड कैदेत पडले आणि स्टीफन्स एकटेच निघाले. 1575 मध्ये रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून गलबतात बसून ते त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरले. या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांचे वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि हिंदुस्थानकडे डोळे लावून बसलेल्या तेथील व्यापाऱ्यांच्या वाचनात आले. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना व्हायला तेव्हा एकवीस वर्षे अवकाश होता.

त्यांच्या वाट्याला सासष्टीचा मुलूख आला. तेथील देवालये पोर्तुगीजांनी 1567 मध्येच उद्ध्वस्त केली होती. जुन्या पोथ्या बाळगण्यास मज्जाव होता आणि 1560 पासून इन्क्विझिशनचा वचक होता. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना ठार केले. त्यांचे मृतदेह परत मिळविण्याच्या कामी स्टीफन्स पुढे होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली. ज्या सत्तेच्या आश्रयाने सुवार्ता सांगायची, त्याच सत्तेने ती ऐकणाऱ्यांची मने दुरावून ठेवली होती. स्टीफन्स यांचे मोठेपण सांगताना ही पार्श्वभूमी दृष्टिआड करणे योग्य होणार नाही.

त्याच वर्षी भावाला पाठविलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य नोंदविले. विल्यम जोन्स यांनी हाच विचार कलकत्त्यात मांडला तो 1786 मध्ये, म्हणजे दोन शतकांनंतर. स्टीफन्स यांनी बोलीभाषा म्हणून कोकणी आत्मसात केली आणि ग्रंथभाषा म्हणून मराठी. वऱ्हाडापासून कोकणपट्टीपर्यंत, कन्हानकाठच्या मौद्यासारख्या गावापासून सासष्टीपर्यंत, पुराणश्रवणाची सवय असलेल्या कानांना ओवी परकी नव्हती, आणि हे त्यांनी नेमके हेरले.

नव्याने ख्रिस्ती झालेल्यांचा एक प्रश्न त्यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच नोंदविला आहे. जुनी पुराणे तर तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय, असा त्याचा आशय. या प्रश्नाचे उत्तर फर्मानाने देता येण्यासारखे नव्हते. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोल येथे छापून प्रसिद्ध झाले. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द त्यांनी निःसंकोच योजला, आणि मराठी भाषेची जी स्तुती केली ती एखाद्या जन्मजात मराठी कवीलाही भूषणावह ठरावी. यात धर्मप्रचाराचा हेतू आहेच, तो कोणी नाकारू नये; पण श्रोत्याला अडाणी समजणाऱ्याकडून असा ग्रंथ लिहून होत नाही.

मुद्रणाची कथाही बोलकी आहे. गोव्यात छापखाना 1556 मध्येच आला होता, तरी देवनागरी खिळे नव्हते. जोडाक्षरांमुळे शेकडो साचे लागतात, ही अडचण स्टीफन्स यांनी 1608 मध्ये रोममधील आपल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना कळविली आणि येथील लिपीत छपाई व्हावी अशी विनंती केली. ते साधले नाही. अखेर मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या; 'श' साठी पोर्तुगीज वळणाचे 'एक्स' अक्षर आले.

1619 मध्ये गोव्यातच स्टीफन्स यांचे निधन झाले. त्यांची कोकणीतील धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी 1622 मध्ये व कोकणीचे व्याकरण 1640 मध्ये राशोललाच प्रसिद्ध झाले.

बिशपांच्या तयारीचा विचार येथे टाळता येत नाही. 1606 च्या गोव्यातील प्रांतिक धर्मपरिषदेने, लोकांची भाषा न जाणणाऱ्या पाद्र्याकडे चर्चचा कारभार सोपवू नये असे ठरविले होते. हा निर्णय शहाणपणाचा होता, पण टिकला नाही. भाषा शिकण्याचे कष्ट अनेक धर्मगुरूंना नकोसे होते. 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनीच तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावे असे बजावले. 1745 मध्ये तर गोव्याच्या आर्चबिशपांनी पोर्तुगीज न येणाऱ्यांच्या विवाहालाच आडकाठी घातली. पाद्र्याने रयतेची भाषा शिकावी, येथून निघालेला प्रवास रयतेने पाद्र्याची भाषा शिकावी, येथवर येऊन ठेपला! लोकभाषेतील उपासनेला जगभरच्या कॅथलिक बिशपांनी व्यापक मान्यता दिली ती 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

'ख्रिस्तपुराणा'च्या 1616, 1649 आणि 1654 या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी जपून ठेवलेल्या हस्तलिखितांमुळे. अशाच हस्तलिखितांवरून 1907 मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली 1956 मध्ये, खिळ्यांसाठी स्टीफन्स यांनी रोमला केलेल्या विनंतीनंतर 348 वर्षांनी.