ऑलिंपिकवीर खाशाबा : एका पदकाचा जमाखर्च

स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणी मिळवून दिले, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात असतो आणि स्पर्धापरीक्षांना बसणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला त्याचे उत्तर पाठ असते. खाशाबा दादासाहेब जाधव, कुस्ती, हेलसिंकी, १९५२, कांस्यपदक. पाठ केलेल्या उत्तराचा एक मोठा दोष असा की, ते एकदा जिभेवर आले की माणूस पुढचे काही विचारीत नाही. हेलसिंकीला जाण्यासाठी लागणारे पैसे या खेडेगावच्या मल्लाने कुठून आणले, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. मला मात्र खाशाबांच्या चरित्रात तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच्या उत्तरात राजेराजवाडे आहेत, सरकार आहे, गावकरी आहेत, आणि एका कॉलेजचे प्राचार्यही आहेत.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी त्या गावी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले मल्ल. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. ज्या घरात बापाच्या अंगाला तांबडी माती लागलेली असते, त्या घरात पोराला लंगोट कुणी मुद्दाम बांधावा लागत नाही. वयाच्या आठव्या वर्षीच त्यांनी आसपासच्या एका नामांकित गड्याला दोन मिनिटांत पाडले, असे सांगतात. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. ती वर्षे बेचाळीसच्या चळवळीची. सातारा जिल्हा त्या वेळी नुसता धुमसत होता. भूमिगतांना आसरा देणे, त्यांची पत्रे इकडून तिकडे पोहोचविणे, ही कामे शाळकरी खाशाबांनी केली. पुढे हाच मुलगा पोलीस खात्यात फौजदार झाला, हाही काळाचा एक विनोदच म्हणायचा.

शाळा संपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कुस्तीसाठी महाराष्ट्रात याहून चांगली जागा दुसरी नव्हती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमी उभ्या केल्या, पंजाबपर्यंतच्या मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान बांधले. दूध, तूप, बदाम, थंडाई हा पैलवानाचा खुराक काही गरिबाच्या संसारात बसणारा नाही. तो संस्थानाच्या तिजोरीतून चालत असे. कोल्हापूरच्या कुस्तीचे वैभव म्हणतात ते हेच. त्यात वस्तादांची विद्या होती तितकाच राजाचा पैसाही होता.

राजाराम कॉलेजातली एक हकीकत मोठी बोलकी आहे. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी खाशाबांनी नाव दिले, तेव्हा त्यांची लहानखुरी चण पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना घ्यायचे नाकारले. खाशाबा सरळ प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली, आणि या बुटक्या पोराने आपल्याहून अंगापिंडाने थोर अशा गड्यांना एकामागून एक लोळविले. एका विद्यार्थ्याला मैदानात उतरू द्यावे एवढाच तो निर्णय. पण चार वर्षांनी याच प्राचार्यांनी त्याच विद्यार्थ्यासाठी काय केले ते पाहिले, म्हणजे या लहानशा गोष्टीला वेगळेच मोल येते.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने झाले. स्वतंत्र झालेल्या भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक. कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांच्या प्रवासाचा खर्च उचलला. तिथे गेल्यावर त्यांच्यापुढे एक निराळीच अडचण उभी राहिली. जन्मभर हौद्यातल्या मातीत घुमलेल्या या मल्लाला मॅटवर कुस्ती खेळायची होती, आणि ती आयुष्यात प्रथमच. आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या जत्रेत नारळावर लागणारी कुस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. मातीत पाय रोवता येतो, मुठीत माती घेऊन ओल्या अंगावर टाकता येते, पकड बसते. आणि एकाची पाठ जमिनीला लागली की निकाल लागला, हलगी वाजली, गडी खांद्यावर. मॅटवरच्या कुस्तीत घड्याळ आहे, पंच आहेत, गुणांचा हिशेब आहे, आणि पायाखाली गादी आहे. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी खाशाबांना या नव्या कुस्तीचे धडे दिले. ढाक हा खाशाबांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरायची आणि कमरेवरून त्याला उलथून टाकायचे. या डावावरचे त्यांचे प्रभुत्व पाहून गार्डनर यांनाही कौतुक वाटले. फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या देशांच्या मल्लांना हरवून खाशाबा सहावे आले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्यांचे काही चालले नाही. ज्याने पूर्वी मॅट पाहिलीही नव्हती त्याचा जगात सहावा क्रमांक, ही गोष्ट काही साधी नव्हे. खाशाबांना मात्र ती पुरेशी वाटली नाही. परत आल्यावर त्यांनी मेहनत आणखी वाढविली आणि वजनाचा वरचा गट, म्हणजे ५७ किलोचा बँटमवेट, पुढच्या खेपेसाठी धरला.

पण मधल्या चार वर्षांत एक मोठी गोष्ट घडून गेली होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ते व्हायलाच हवे होते, याविषयी दुमत नाही. परंतु संस्थानाबरोबर त्याची तिजोरीही गेली आणि त्या तिजोरीवर पोसलेल्या तालमींचा पोशिंदा गेला. त्याची जागा घ्यायला नवे सरकार अजून तयार नव्हते. लंडनला जाणाऱ्या खाशाबांच्या पाठीशी महाराज होते. हेलसिंकीला निघालेल्या खाशाबांच्या पाठीशी कोणीच नव्हते. त्यांच्या अडचणींचे मूळ कोणा एका मंत्र्याच्या कंजूषपणात शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते पुरते पटत नाही. एक व्यवस्था मोडली आणि दुसरी उभी राहिलेली नाही, अशा सांध्यात ते सापडले.

त्याआधी संघात निवड होण्यासाठीच झगडावे लागले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत कलकत्त्याच्या निरंजन दासकडून ते अवघ्या एका गुणाने हरले. निकाल पक्षपाती आहे, अशी खाशाबांची खात्री होती. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवेंद्रसिंह तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी दोघांची कुस्ती पुन्हा लावली आणि खाशाबांनी दासला चितपट केले. गुणांवर वाद घालता येतो. जमिनीला टेकलेल्या पाठीवर काय वाद घालणार?

निवड झाली, पण खर्चाचे काय? मुंबई राज्याचे मुख्यमंत्री त्या वेळी मोरारजी देसाई होते. सरकारकडे खेटे घालूनही पुरेशी मदत मिळाली नाही. मग गोळेश्वरच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली. स्वतः खाशाबा दारोदार हिंडले. ज्याला जे देता आले ते त्याने दिले. तरीही रक्कम भरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर बँकेकडे गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! पगारदार माणसाला आयुष्यभर पुरणारी चिंता. आणि हे कशाच्या भरवशावर, तर एका सव्वीस वर्षांच्या पोराच्या ढाकेवर. तो पहिल्याच फेरीत पडून परत आला असता तर? खर्डेकरांनी हा विचार केला नसेल असे नाही. करूनही सही केली, हे विशेष.

हेलसिंकीच्या कुस्त्यांचे वर्णन करताना लिहिणाऱ्याचा हात सैल सुटतो, म्हणून मी थोडक्यातच सांगतो. खाशाबांनी कॅनडाच्या पोलिकॅनला, मेक्सिकोच्या बासुर्तोला आणि जर्मनीच्या श्मिट्‌झला हरविले. हरले ते दोघांकडून : जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएट संघाचा रशीद मामेदबेयोव्ह. यांपैकी इशीला सुवर्णपदक मिळाले आणि मामेदबेयोव्हला रौप्य. इशीबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटांहून अधिक चालली. या दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, आणि थकलेल्या अंगानेच खाशाबांना उतरावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. विश्रांती मिळती तर पदकाचा रंग बदलला असता की नाही, हे सांगणे कठीण आहे. पण आपला माणूस लढत असताना बाकावर आपले कोणी नसावे, ही गोष्ट मनाला लागते. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक नक्की झाले. दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्‌सला ६-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले, आणि त्या आनंदात कुस्तीचे कांस्य जरा बाजूलाच राहिले. कोल्हापूरचेच केशव मांगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचे नाव तर आज कोणाला आठवतही नाही.

मेक्सिकोचा उल्लेख आला म्हणून एक गंमत सांगतो. त्या देशात धंदेवाईक कुस्तीचे वेड विलक्षण. चंदेरी मुखवटा घालून रिंगणात उतरणारा एल सांतो हा तिथला दैवतासारखा मल्ल. ज्या १९५२ साली खाशाबा कर्ज काढून हेलसिंकीला गेले, त्याच साली मेक्सिकोत सांतोच्या नावाने चित्रकथा छापून येऊ लागल्या. पुढे तो पन्नासांवर चित्रपटांचा नायक झाला. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाने त्याला पोसले. १९८४ साली तो वारला तेव्हा मुखवट्यासकटच त्याला पुरले. खाशाबाही त्याच वर्षी गेले. दोघांची कुस्ती एक नव्हे, नशीबही एक नव्हे. असो.

पदक घेऊन खाशाबा कराडला उतरले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम, फटाके, गुलाल. एरवी चटकन सरणाऱ्या वाटेला सात तास लागले म्हणतात. या मिरवणुकीचे वर्णन सगळेच करतात. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यानंतरचे काम. हार गळ्यातून उतरल्यावर खाशाबांनी काय केले, तर कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले, जमलेल्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले आणि त्यांचे घर सोडवून दिले. ऑलिंपिकचा पदकविजेता परत येऊन मातीत उतरला, तो मास्तरांचे घर सोडविण्यासाठी. या हिशेबात कोणतीही बाकी राहिली नाही.

बाकी राहिली ती दुसऱ्या वहीत. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असतानाच गुडघा दुखावला आणि तिसऱ्या ऑलिंपिकचे स्वप्न तिथेच संपले. खात्याच्या स्पर्धा ते जिंकत राहिले, तरुण पोलिसांना शिकवीत राहिले. सत्तावीस वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि मग निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई सामन्यांत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला, एवढाच काय तो सन्मान. शेवटची वर्षे ओढगस्तीत गेली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अठ्ठावन्न. हयातीत त्यांना अर्जुन पुरस्कार नाही, पद्म किताब नाही.

पुढचे सगळे मरणोत्तर. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार १९९०-नंतरच्या दशकात, अर्जुन पुरस्कार २००० साली. १९९६ साली अटलांटाला टेनिसपटू लिअँडर पेसने कांस्यपदक मिळविले, तेव्हा वर्तमानपत्रांनी मागची पाने चाळली आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे खाशाबा सापडले. कुस्तीतले दुसरे पदक यायला तर २००८ साल उजाडले. सुशील कुमारचे ते बीजिंगचे कांस्य. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला खाशाबांचे नाव देण्यात आले. तिथे सगळी कुस्ती मॅटवर चालते.

महाराष्ट्राला मात्र दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी बहात्तर वर्षे थांबावे लागले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. स्वप्नील रेल्वेत तिकीट तपासनीस होता. राज्य सरकारने त्याला ताबडतोब एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले, आणि त्या बातमीच्या खाली बहुतेक वर्तमानपत्रांनी एका चौकटीत खाशाबांचा लहानसा फोटो छापला.