गेऑर्ग ओहम : एका शिक्षकाचें चरित्र

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी पदार्थविज्ञानाच्या तासाला एक उदाहरण नेहमीं सोडवितात. विजेच्या इस्तरीला २३० व्होल्ट दाब दिला असतां तींतून ५ अँपिअर प्रवाह वाहतो, तर तिचा रोध किती? दाबाला प्रवाहानें भागावें. उत्तर ४६ ओहम. हें उत्तर दोन ओळींत येतें. परंतु त्याच्या शेवटीं आपण ज्याचें नांव लिहितों, त्या गृहस्थाला या भागाकारासाठीं किती झिजावें लागलें, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. तेंच चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहोंत.

गेऑर्ग सिमोन ओहम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजीं जर्मनींतील एर्लांगेन येथें झाला. बाप कुलुपें करणारा कारागीर होता. त्याला शाळेचें शिक्षण मिळालें नव्हतें. तथापि स्वतःच्या मेहनतीनें त्यानें गणित व शास्त्रें यांचा चांगला अभ्यास केला होता, आणि गेऑर्ग व त्याचा धाकटा भाऊ मार्टिन यांस तो स्वतः शिकवीत असे. गेऑर्ग दहा वर्षांचा असतां आई वारली. पुढें १८०५ सालीं तो एर्लांगेनच्या विश्वविद्यालयांत गेला. पण तेथें नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरील घसरगुंडी यांतच त्याचा वेळ जाऊं लागला. जी संधि आपणांस लाभली नाहीं, ती मुलगा वायां दवडीत आहे, हें बापाला सहन झालें नाहीं. त्यानें गेऑर्गला विश्वविद्यालयांतून काढून स्वित्झर्लंडला पाठविलें. तेथें एका शाळेंत तो गणित शिकवूं लागला, आणि शिकवितां शिकवितां स्वतःही शिकला. १८११ सालीं परत येऊन त्यानें एर्लांगेनचीच डॉक्टरची पदवी मिळविली. आमच्या पालकवर्गानें या प्रसंगाचा अवश्य विचार करावा. बाप कठोर झाला खरा. पण त्यापूर्वीं अनेक वर्षें तो मुलांजवळ बसून त्यांस शिकवीत आला होता.

१८१७ सालीं ओहमला कलोन शहरांतील एका हायस्कुलांत गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा मिळाली. शाळेंत उपकरणें बरीं होतीं. वर्ग आटोपले कीं तो प्रयोगास बसे. लांबी वाढवीत गेल्यास तारेंतून जाणारा प्रवाह कोणत्या प्रमाणांत घटतो, हा त्याचा प्रश्न होता. १८२५ सालीं त्यानें आपला पहिला निबंध छापला. परंतु त्यांतील नियम चुकीचा होता. त्या काळच्या बॅटरीचा जोर चालू प्रयोगांतच कमीजास्त होई, त्यामुळें मापें बिघडत. ओहमनें चुकीला कवटाळून न बसतां काम पुन्हां आरंभिलें. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्यानें बॅटरी सोडून तांबें व बिस्मथ या धातूंची जोडणी घेतली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेवला म्हणजे विजेचा जोर एकसारखा राहतो. मग निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून, टांगलेली चुंबकसूची किती वळते, तें त्यानें मोजलें. आतां आंकडे जुळूं लागले, आणि १८२६ सालीं नियम हातीं आला.

उष्णतामान कायम असेल, तर धातूच्या तारेंतील प्रवाह दाबाच्या समप्रमाणांत वाढतो. दाब भागिले प्रवाह म्हणजेच तारेचा रोध. पुढें १८४०च्या सुमारास इंग्लंडांत जेम्स जूल यानें दाखविलें कीं, तारेंत दर सेकंदास उपजणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या प्रमाणांत असते. आपली इस्तरी पुन्हां घ्या. ५ चा वर्ग २५, गुणिले ४६, म्हणजे ११५० वॅट. आतां दाबाला प्रवाहानें गुणा : २३० गुणिले ५, म्हणजे पुन्हां ११५० वॅट. दोन्ही वाटा एकाच ठिकाणीं येतात! हजार वॅट एक तास चालले कीं एक युनिट होतें. म्हणून ही इस्तरी दोन तास सतत तापत राहिली, तर बिलांत २.३ युनिट चढतील.

ओहमनें आपला सिद्धांत १८२७ सालीं बर्लिन येथें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यासाठीं त्यानें अर्ध्या पगारावर रजा घेतली होती, आणि आतां विश्वविद्यालयांत जागा मिळेल अशी त्याला उमेद होती. पण ग्रंथाचें स्वागत थंडपणें झालें. जागा मिळाली नाहीं. निराश होऊन १८२८ सालीं त्यानें कलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला, आणि कांहीं वर्षें बर्लिनमध्यें किरकोळ शिकवणीवर काढलीं. १८३३ सालीं न्यूरेंबर्गच्या तांत्रिक शाळेंत त्याला पुन्हां स्थैर्य लाभलें. परदेशानेंही मान दिला : १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला कॉप्ली पदक अर्पण केलें. म्यूनिकच्या विश्वविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचें अध्यासन मिळालें तें १८५२ सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं. नंतर दोनच वर्षांनीं, ६ जुलै १८५४ रोजीं, तो निवर्तला. १८८१ सालीं पॅरिस येथील विद्युत्परिषदेनें रोधाच्या एककाला त्याचें नांव दिलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या प्रयोगवहींत आंकडे जुळले नाहींत, तर शेजाऱ्याच्या वहींतून ते उतरून घेऊं नका. उपकरण तपासा, कारण शोधा आणि पुन्हां मोजा. ज्याच्या नांवानें तुम्ही उत्तर लिहितां, त्याचाही पहिला नियम चुकलाच होता.