कोलांटीला तंबू देणारे विष्णुपंत छत्रे

पक्षांतर करणाऱ्या पुढाऱ्याने 'कोलांटउडी मारली' असे मथळे वाचून हा शब्द आता थोडा बदनाम झाला आहे. मूळ अर्थ मात्र निव्वळ शरीराचा. गिरकी आडवी, पायांवर उभे राहून स्वतःभोवती घेतलेली. कोलांटी उभी, डोके खाली आणि पाय वर जाऊन पुन्हा जागेवर येणारी. पुढे विमाने आली आणि १९१३ साली रशियन वैमानिक नेस्तेरोव्ह याने कीव्हच्या आकाशात उभे वर्तुळ पुरे केले, तेव्हा त्या कसरतीलाही मराठीत कोलांटीच शोभून दिसली. पेण-रोह्याच्या बाजारपेठेपासून पंढरपूरच्या यात्रेपर्यंत हा शब्द लोकांनी पाहिला तो डोंबारी आणि कोल्हाटी यांच्या खेळात. ढोलकी वाजायची, पोर हवेत उलटायचे आणि मग पसरलेल्या फडक्यावर चार नाणी पडायची. कौशल्य मोठे होते, मान नव्हता.

ही कसरत तंबूत, तिकीट लावून, सन्मानाने दाखवता येते हे सिद्ध केले विष्णुपंत छत्रे यांनी. सांगली जिल्ह्यातील अंकलखोप हे त्यांचे गाव. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या तरुणाला दोन वेडे होती, घोडा आणि गाणे. दोन्हींसाठी त्यांनी ग्वाल्हेर गाठले. तेथे अश्वविद्या शिकली आणि हद्दूखाँसारख्या थोर गवयाकडून ख्यालाची तालीम घेतली. पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानात ते घोड्यांचे काम पाहू लागले.

१८७९ साली इटालियन सर्कसवाला ज्युसेप्पे किआरिनी आपला तांडा घेऊन हिंदुस्थानात आला. त्याचे घोड्यांचे खेळ पाहून विष्णुपंतांनी आव्हान स्वीकारले, ही कथा अनेक प्रकारे सांगितली जाते; पैज किती रुपयांची, कोण हरले, याबाबत एकवाक्यता नाही. निर्विवाद आहे ते एवढेच, की काही महिन्यांत त्यांनी स्वतःचा संच उभा केला आणि २० मार्च १८८० रोजी 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. भारतीय मालकीची ही पहिली सर्कस मानली जाते. संस्थानातील निश्चित नोकरी सोडून रिंगणात उतरणे हा त्या काळातील ब्राह्मण गृहस्थाला साधा निर्णय नव्हता. त्यांची पत्नीही झुल्यावरच्या कसरती करीत असे, ही तर त्याहून धाडसाची गोष्ट.

धावत्या घोड्यावरची कोलांटी पाहणाऱ्याला अशक्य वाटते. वास्तविक स्वार आधीच घोड्याच्या वेगाने पुढे जात असतो. त्याने सरळ वर उडी घेतली तरी तो वेग त्याच्यासोबत राहतो आणि घोडा त्याच्याखाली येऊन मिळतो. अडचण वेगळीच असते. रिंगण गोल, साधारण बेचाळीस फूट व्यासाचे. हवेतील माणूस सरळ रेषेत जातो, घोडा मात्र वळतो. म्हणून उडी किंचित आतल्या बाजूला झुकवून घ्यावी लागते आणि घोड्याची चाल एका लयीत राहावी लागते. घोडा एक पाऊल चुकला, तर स्वार जमिनीवर. विष्णुपंतांचे यश मुख्यतः घोडा शिकवण्यात होते, ते याचमुळे. तालासुराचा कान येथे उपयोगी पडला असावा, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

सर्कस देशभर फिरली, समुद्रापलीकडेही गेली. दौऱ्यात केरळातील तलश्शेरी येथे त्यांची गाठ कीलेरी कुञ्ञिकण्णन या कसरतशिक्षकाशी पडली. कळरीपयट्टूत मुरलेल्या या गुरूने सर्कससाठी मुले तयार करण्याचे काम हाती घेतले आणि १९०१ साली सर्कशीची शाळाच काढली. पुढील काळातील कित्येक भारतीय सर्कशी तलश्शेरीच्या कलावंतांवर उभ्या राहिल्या.

गाणे त्यांनी सोडले नाही. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ विपन्नावस्थेत भटकत होते. अफूच्या आहारी गेलेला, लहरी, पण अलौकिक गळ्याचा हा गायक विष्णुपंतांनी आपल्या आश्रयाला आणला आणि सर्कशीच्या मुक्कामांबरोबर त्यांच्या मैफली होऊ लागल्या. गुरूच्या मुलाला सांभाळणे हा त्यांच्या लेखी व्यवहार नव्हता. सर्कशीच्या खर्चात तो खर्चही बसवला गेला.

१९०५ साली विष्णुपंत गेले. बंधू काशिनाथपंतांनी रहिमतखाँची जबाबदारी पुढे निभावली. 'भूगंधर्व' म्हणून गाजलेल्या खाँसाहेबांच्या काही ध्वनिमुद्रिका त्यामुळेच निघू शकल्या. १९२२ साली त्यांनी कुरुंदवाडातच देह ठेवला.

डोंबारी आणि कोल्हाटी महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. त्यांची मुले रस्त्याकडेला अजूनही कोलांटी घेताना दिसतात.