डॉ. कमल रणदिवे : घराण्यातल्या कॅन्सरचा माग काढणारी बाई

तारापूर म्हटलं की आपल्याला अणुऊर्जा केंद्र आठवतं. पण हे केंद्र ज्या अणुऊर्जा विभागाचं, त्याच विभागाकडे १९६२ पासून परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटलही आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? पालघर-बोईसरची माणसं फाइल घेऊन लोकलने तिथेच जातात. त्याच परळमध्ये एका मराठी बाईने उंदीर आणि पेशी यांच्यात आयुष्य घालवलं. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केलं नाही! त्या जीवशास्त्राकडे वळल्या, १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न केलं आणि एम.एस्सी.ला चक्क सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं अभ्यासली. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. मग त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर कायम वाढवायचं तंत्र जमवणारी हीच ती लॅब. मनात आणलं असतं तर त्या तिथे राहू शकल्या असत्या. पण त्या परत आल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली.

त्यांचा प्रश्न साधा होता. काही घराण्यांतच ब्रेस्ट कॅन्सर पुन्हा पुन्हा का येतो? उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढवून त्यांनी आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू यांचं नातं तपासलं. ब्रेस्ट कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, असं भारतात सर्वात आधी मांडणाऱ्यांत त्या होत्या. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ हे जीन्स शास्त्रज्ञांच्या हाती लागले ते थेट १९९४-९५ मध्ये.

हे जीन्स म्हणजे पेशीचं मेंटेनन्स डिपार्टमेंट. डीएनए तुटला की दुरुस्त करायचं त्यांचं काम. प्रत्येकाकडे त्यांच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. आपल्या एम.आय.डी.सी.तल्या प्लँटमध्ये एक पंप चालू आणि एक स्टँडबाय असतो ना, तसंच समजा. काही जणांचा स्टँडबाय जन्मापासूनच बिघडलेला असतो. दुसराही बंद पडला की दुरुस्ती थांबते आणि कॅन्सरला वाट मिळते. हा बिघाड मुलाकडे किंवा मुलीकडे जायची शक्यता निम्मी. तो बापाकडूनही येतो, म्हणून फक्त आईच्या माहेरचा इतिहास विचारून चालत नाही. पण घाबरू नका. शंभरातले साधारण पाच ते दहाच ब्रेस्ट कॅन्सर असे आनुवंशिक असतात, आणि बिघाड असलेल्या प्रत्येकीला कॅन्सर होतोच असंही नाही.

खरी भीती मला वेगळीच वाटते. आमच्या होस्टेलवरही कुणीतरी हळूच सांगते की आजीला होता, आत्यालाही झाला. आणि लगेच बजावते की कुणाला बोलू नकोस हं, ताईचं लग्न ठरायचंय. म्हणजे जी माहिती ताईला वाचवू शकते, तीच ताईच्या लग्नासाठी लपवायची! ती डॉक्टरांना कळली तर समुपदेशन होतं, रक्ताची तपासणी करता येते, नियमित चाचण्या लवकर सुरू होतात. टाटामध्ये त्यासाठी कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिकही आहे.

कमलताई १९६६ ते १९७० संस्थेच्या संचालक होत्या. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतरही स्वस्थ न बसता त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम करत राहिल्या. २००१ मध्ये त्या गेल्या.

त्यांनी उंदरांच्या कितीतरी पिढ्यांची नोंद ठेवली. आपल्याला आपल्याच घरातल्या तीन पिढ्यांची ठेवायची आहे. येत्या सुट्टीत घरी गेलात की आजीजवळ बसा आणि विचारा. मुलांनो, तुम्हीसुद्धा!